चौदा महिन्यांचा अमेरिकन बुलडॉग, घरचा गोठा आणि वडिलांची साखळी : मार्गदर्शन हवे आहे

वरुडचा बागाईतदार (प्रश्न, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा)

नमस्कार मंडळी,

आमचे गाव वरुड तालुक्यात आहे. घरची साडेसात एकर जमीन असून त्यातील चार एकरांवर संत्र्याची बाग आहे आणि उरलेल्या शेतात हंगामाप्रमाणे तूर, हरभरा व गहू असतो. मागच्या वर्षी धाकट्या भावाने नागपूरहून अमेरिकन बुलडॉग जातीचे पिल्लू आणले, तेव्हा ते संत्र्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये पाय पसरून झोपत असे. भाऊ आता नोकरीनिमित्त पुण्याला गेला आहे आणि पिल्लू, म्हणजे आमचा बाजी, माझ्याकडे राहिला आहे. तो चौदा महिन्यांचा झाला असून मागच्या आठवड्यात त्याला धान्याच्या वजनकाट्यावर उभे केले, तेव्हा काटा ४१ किलोवर थांबला.

बाजी स्वभावाने वाईट नाही, हे आधीच सांगतो. माझी सहा वर्षांची मुलगी त्याच्या पाठीवर डोके ठेवून अभ्यास करते आणि तो तासभर हलत नाही. अडचण त्याच्या ताकदीची आहे. त्याला फिरवायला नेणे म्हणजे नवा गोऱ्हा पहिल्यांदा औताला जुंपण्यासारखे झाले आहे. तो पुढे आणि मी मागे फरफटत. दिवाळीनंतर एकदा त्याने आनंदाच्या भरात आईच्या अंगावर उडी मारली, आई ओसरीच्या खांबावर आदळली आणि तिचे मनगट तीन आठवडे सुजलेले होते. आई काही बोलली नाही, पण तेव्हापासून ती अंगणात येताना हातात सूप धरून येते.

सर्वांत मोठी काळजी गोठ्याची आहे. गेल्या महिन्यात बाजी सुटला आणि थेट गोऱ्ह्याच्या तोंडाशी गेला. त्याने चावा घेतला नाही, वेसणीची दोरी दातांत धरली आणि चारही पाय जमिनीत रोवून तो लटकून राहिला. गोऱ्हा मान झटकत होता, नाकपुडीतून रक्त येत होते आणि मी ओरडत होतो, पण बाजीच्या कानांपर्यंत काही पोचत होते असे मला वाटले नाही. शेवटी सालदाराने बादलीभर पाणी तोंडावर मारले, तेव्हा त्याने दोरी सोडली.

त्या दिवसापासून वडिलांनी त्याला बैलाच्या साखळीने कडुनिंबाला बांधले आहे. त्यांचे म्हणणे असे की, एवढे खातो तर काम करू दे. रात्री जागलीवर शेतात न्यावा आणि रानडुकरांवर सोडावा. तालुक्याच्या गावातील एका प्रशिक्षकाने विजेचा झटका देणारा पट्टा घ्यायला सांगितला आहे. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत, पण माझ्याकडे तिसरा उपायही नाही. मे महिना तोंडावर आला आहे. ज्यांनी अशी जात प्रत्यक्ष सांभाळली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिवस्याची ताई (उत्तर)

दादा, मी सहा वर्षांपासून याच जातीची मादी सांभाळते आहे आणि तुमचे पत्र वाचताना माझेच पहिले वर्ष डोळ्यांसमोर उभे राहिले. माझ्या हातावर अजूनही दोरी घासल्याचा वण आहे.

सर्वांत आधी साखळीबद्दल लिहिते, कारण उरलेल्या बऱ्याच गोष्टी तिच्यामुळे बिघडत आहेत. बांधलेल्या कुत्र्याला दिवसभर माणसे, शेळ्या, सायकली जाताना दिसतात आणि प्रत्येक वेळी तो धावतो व गळ्याला हिसका बसून मागे येतो. असे दिवसातून शंभर वेळा झाले की, समोरून येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे गळ्याचे दुखणे हे त्याच्या डोक्यात पक्के बसते आणि चार महिन्यांनी आनंदाने उडी मारणारा कुत्रा अंगावर धावून येऊ लागतो. वडिलांना मात्र हे असे तोंडावर सांगू नका. त्यांना म्हणा की, साखळीऐवजी कडुनिंबाभोवती दहा बाय पंधरा फुटांचे जाळीचे आवार करतो, त्याला कडी लावतो, म्हणजे कुत्रा बंद राहील आणि मोकळाही राहील. आमच्या सासऱ्यांनी ही गोष्ट मान्य केली होती, कारण त्यात गोठ्याचे रक्षण आहे हे त्यांना दिसले.

फिरवण्यासाठी गळपट्टा काढा आणि छातीपट्टा वापरा, ज्याची कडी पाठीवर नसून छातीच्या समोर असते. माझा पट्टा बैलांचे साज शिवणाऱ्या कारागिराने जुन्या पट्ट्यापासून शिवून दिला आहे. बाजारातला पट्टा तिने पाच दिवसांत तोडला होता. समोर कडी असली की, कुत्रा ओढायला लागताच त्याचे अंग आपल्याकडे वळते आणि ओढण्यातली मजा जाते. त्याने ओढले की तुम्ही खांबासारखे उभे राहायचे, बोलायचे नाही, हिसका द्यायचा नाही. दोरी सैल झाली की लगेच चालायला लागायचे. पहिल्या दिवशी मला घरापासून हनुमानाच्या देवळापर्यंत, म्हणजे दीडशे पावले जायला चाळीस मिनिटे लागली आणि पारावर बसलेल्या मंडळींची चांगलीच करमणूक झाली. तिसऱ्या आठवड्यात तेच अंतर आम्ही पाच मिनिटांत गाठले. मधल्या काळात घरातल्या कोणीही, अगदी एकदासुद्धा, तिला ओढत जाऊ दिले नाही, ही यातली खरी अवघड बाजू आहे.

उडी मारण्यावर उपाय असा की, चारही पाय जमिनीवर असतानाच त्याला लाड मिळाले पाहिजेत. उडी मारली की पाठ फिरवायची, बसला की हळूच कुरवाळायचे. तुमच्या आईंना ओसरीच्या पायरीवर बसू द्या, बाजीला दोरीने धरून दहा पावलांवर थांबा आणि तो बसेल तेव्हाच आईंनी उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्याकडे टाकावा. दररोज पाच मिनिटे पुरेत. आईंच्या हातातले सूप जाईपर्यंत हे सोडू नका.

आज्ञा मराठीतच द्या, पण घरात सर्वांनी एकच शब्द वापरावा. आमच्याकडे मी ‘बस’ म्हणायचे, दीर ‘बैस’ म्हणायचे आणि मुले ‘सिट’ म्हणायची. ती बिचारी तिघांच्या तोंडाकडे पाहत उभी राहायची.

झटक्याच्या पट्ट्याच्या वाटेला जाऊ नका. गोऱ्ह्याकडे पाहताना झटका बसला, तर त्या दुखण्याचा संबंध तो गोऱ्ह्याशीच जोडेल, आणि ते तुम्हाला मुळीच परवडणारे नाही.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, अकोला जिल्हा (उत्तर)

ताईंनी प्रशिक्षणाबद्दल जे लिहिले आहे, त्याच्याशी मी सहमत आहे. मी वेसणीच्या प्रसंगापासून सुरुवात करतो, कारण प्रश्नकर्त्यांना तो कुत्र्याचा दुष्टपणा वाटू शकतो, जो तो नाही.

बुलडॉग या नावातला बैल हा शोभेचा नाही. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ शेकडो वर्षे चालला आणि १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला. त्या खेळात कुत्र्याने बैलाचे नाक धरून लटकून राहायचे असे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतकऱ्यांनी तेथे पोचलेले हेच कुत्रे मोकाट गुरे व डुकरे धरून ठेवण्यासाठी आणि राखणीसाठी पाळले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात जवळजवळ संपली होती; जॉन जॉन्सन आणि ॲलन स्कॉट यांनी खेड्यापाड्यांतून उरलेले कुत्रे गोळा करून ती वाचवली, म्हणून आजही तिचे जॉन्सन आणि स्कॉट असे दोन प्रकार सांगतात. जॉन्सन प्रकार जड व आखूड तोंडाचा, तर स्कॉट प्रकार सडपातळ व चपळ असतो. अमेरिकेतील युनायटेड केनेल क्लबने १९९९ मध्ये तिला मान्यता दिली आणि त्यांच्या मानकाप्रमाणे नराचे वजन साधारण ३४ ते ५७ किलो असते. तेव्हा तुमचा बाजी अजून भरायचा आहे.

थोडक्यात, नाकाशी हलणारी दोरी दिसली की धरावी आणि सोडू नये, हे त्याच्या रक्तातच आहे. ते मारून जाणार नाही. त्याला दुसरी वाट द्यावी लागेल. जाड सुती दोराचा दोन हातांचा तुकडा फक्त खेळासाठी ठेवा. त्याला तो धरू द्या, ओढू द्या, मग आपला हात गुडघ्याला टेकवून दोर निर्जीव करा आणि दुसऱ्या हातातील कलेजीचा तुकडा नाकासमोर धरून ‘सोड’ म्हणा. सोडताच तुकडा द्या आणि लगेच दोरही परत द्या. सोडले तर खेळ संपत नाही, हे कळल्यावर बुलडॉग आश्चर्य वाटावे इतक्या तत्परतेने सोडतो.

गोठ्यासाठी वीस हातांचा कासरा छातीपट्ट्याला बांधा आणि गुरांपासून जेवढ्या अंतरावर त्याचे कान उभे राहतात पण तो अजून तुमचे ऐकतो, तेथे बसा. ते अंतर साठ फूट असेल, कदाचित शंभर. त्याने गोऱ्ह्याकडे पाहिले आणि आपणहून तुमच्याकडे मान वळवली की तुकडा द्या. तीन दिवस सलग चांगले गेले, तर पाच फूट पुढे सरका. मोकळा मात्र त्याला गुरांत कधीही सोडू नका, प्रशिक्षण कितीही झाले तरी; हे माझे स्पष्ट मत आहे.

आता उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि आखूड तोंडाच्या कुत्र्याला धाप टाकून अंगातली उष्णता बाहेर काढणे अवघड जाते. एप्रिलपासून फिरणे पहाटे साडेपाचच्या आत आणि रात्री नऊनंतरच ठेवा. डांबरी रस्त्यावर तळहाताची पाठ सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही तेथे ठेवू नका. दुपारी तो कूलरसमोर असावा. मात्र जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग कमी होतो आणि लोक नेमके तेव्हाच बेसावध असतात. कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. तो अडखळू लागला, हिरड्या गडद लाल दिसल्या, तोंडातून चिकट लाळ येऊ लागली, तर आधी जागेवरच पूर्ण अंगावर साधे पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि मग गाडी काढा. अंग न भिजवता तीस किलोमीटर दवाखान्यात आणलेले कुत्रे मी टेबलावर दगावलेले पाहिले आहेत.

गोचिडांबद्दलही सांगतो. गुरांवर मारायचे गोचिडाचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतण्याची पद्धत गावोगावी आहे, ती जिवावर बेतते. गोचिडांमुळे होणाऱ्या रक्ताच्या तापात कुत्रा आधी जेवण सोडतो आणि हिरड्या पांढुरक्या पडतात. तेव्हा रक्ततपासणी करून घ्या. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

जेवण दिवसातून दोनदा विभागून द्या आणि त्यानंतर तासभर पळवू नका, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. नुसती भाकर आणि ताक यांवर एवढा स्नायू टिकत नाही. घरी सावजी मटण झाले की उरलेला रस्सा आणि हाडे कुत्र्याला घालण्याचा मोह आवरा. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला घातक आहे आणि शिजलेले हाड फुटून आतड्यात रुतते.

टिपेश्वरलगतचा जागल्या (उत्तर)

मी थोडे वेगळे बोलतो, राग मानू नये. माझ्या मते ही जात आपल्या गावांत आणायलाच नको होती. आपले गावठी कुत्रे चार भाकरींत ऊन, पाऊस आणि शेत सांभाळते. पण कुत्रा आता घरात आलाच आहे, म्हणून रानडुकरांपुरते सांगतो, कारण त्यात माझा अनुभव आहे.

वडिलांना नम्रपणे सांगा की, रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करून हुसकणेही येते. म्हणजे कुत्रा सोडला की गुन्हा मालकावर. दुसरे असे की, गावठी कुत्रे डुकराला लांबून भुंकून पळवते, तर ही जात जाऊन धरते, हे डॉक्टरसाहेबांनी वरच लिहिले आहे. धरणाऱ्या कुत्र्याचे पोट डुकराच्या सुळ्यासमोर उघडे पडते. माझ्या शेजाऱ्याच्या धिप्पाड कुत्र्याचे काय झाले ते मी बॅटरीच्या उजेडात पाहिले आहे. आतडी गमच्यात बांधून आम्ही त्याला बंडीवर घातले आणि पांदण रस्ता संपायच्या आत तो गेला.

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही. हरभऱ्याच्या दिवसांत काही जण कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. ते बेकायदा आहे, त्यात माणसेही मेली आहेत, आणि रात्री मोकळा पळणारा कुत्रा त्या तारेवर सर्वांत आधी जातो. आमच्याकडे तर बिबट आणि वाघही आहेत; शेतात बांधून ठेवलेला कुत्रा म्हणजे बिबटाला दिलेले आवतण. राखण करायचीच असेल, तर बॅटरीवरचे झटका मशीन लावा, ज्याचा धक्का क्षणिक असतो. वन विभागाच्या काही योजनांत सौर कुंपणाला अनुदान मिळते, शिवाय पिकाच्या नुकसानीचा अर्ज वेळेत करता येतो. पैसे मिळायला उशीर होतो, हे मान्य.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, अकोला जिल्हा (उत्तर)

जागल्या भाऊंचा मुद्दा रास्त आहे. त्याला एक कायद्याची जोड देतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या आयात व विक्रीवर बंदीचे पत्रक काढले होते, त्यात अमेरिकन बुलडॉगचे नाव होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. तरीही मालकाची जबाबदारी संपत नाही. प्राणी सांभाळण्यात हयगय केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बाजीच्या लसीकरणाचे कार्ड घरात जपून ठेवा आणि आवाराच्या फाटकावर पाटी लावा.

गावठी विरुद्ध विलायती हा वाद मात्र येथे नको. चौदा महिन्यांच्या जनावराला परत पाठवायला जागा नसते.

वरुडचा बागाईतदार (एप्रिलचा दुसरा आठवडा)

सर्वांचे आभार. सहा आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

आवार झाले. जाळी जुन्या संत्राबागेच्या कुंपणाचीच वापरली. वडिलांनी स्वतः खड्डे खणले, फक्त ‘साखळी जपून ठेव, लागेल’ असे दोनदा म्हणाले. छातीपट्टा वरुडच्या बाजारात साज शिवणाऱ्याने अडीच दिवसांत करून दिला आणि त्यावर न सांगता दोन लाल गोंडेही लावले. बाजी त्या गोंड्यांसकट पोळ्याच्या मिरवणुकीला निघाल्यासारखा दिसतो.

ओढणे निम्म्याने कमी झाले आहे. पहिले आठ दिवस मी रोज हार मानण्याच्या बेतात होतो. नवव्या दिवशी दोरी ताणली गेली, मी थांबलो, आणि त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले व एक पाऊल मागे आला. एवढेच झाले, पण मी त्या पांदण रस्त्यावर एकटाच मोठ्याने ‘शाब्बास’ ओरडलो.

‘सोड’ तो दोरापुरते शिकला आहे. गोठ्याच्या बाबतीत आम्ही शंभर फुटांवरून सुरुवात केली आणि आता सत्तर फुटांवर आहोत. मधे एकदा मी घाई करून पंधरा फूट एकदम पुढे गेलो, गोऱ्ह्याने मान हलवली आणि बाजी कासऱ्याच्या टोकापर्यंत झेपावला. माझा तळहात सोलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर फुटांवर गेलो.

दुपारच्या उन्हात त्याला काय काम द्यावे, हा प्रश्न होता. मुलीने त्यावर उपाय काढला. ती भाकरीचे आणि अंड्याचे तुकडे रिकाम्या बारदान्याच्या घड्यांत लपवते, एक बारदाना दुसऱ्यात कोंबते आणि बाजी कूलरसमोर अर्धा तास नाक खुपसून ते उलगडत बसतो. त्यानंतर जो झोपतो, तो चार वाजेपर्यंत उठत नाही. दोन तास धावूनही तो एवढा थकत नसे.

आता एक विचारायचे राहिले. भाऊ म्हणतो की, अशा कुत्र्यांना टायर ओढायला लावतात आणि त्याने ताकद योग्य जागी खर्च होते. बाजी सोळा महिन्यांचा होत आला आहे. सुरू करावे का?

तिवस्याची ताई (उत्तर)

दादा, टायर अजून नको. हाडांची वाढ पूर्ण व्हायला या आकाराच्या कुत्र्यांना साधारण दीड वर्ष लागते आणि या जातीत खुब्याच्या सांध्याचे दुखणे आढळते, म्हणून आधी खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. सर्व ठीक असेल, तर पावसाळा सरल्यावर दुचाकीच्या जुन्या टायरपासून, मऊ मातीवर, पाच-पाच मिनिटे सुरू करता येईल. माझी कमळी दिवाळीनंतर विहिरीपासून गोठ्यापर्यंत सरपणाची छोटी मोळी ओढत आणते आणि ती तिथे ठेवल्याशिवाय जेवणाला तोंड लावत नाही.

आईंच्या हातातल्या सुपाचे काय झाले, ते तुम्ही लिहिले नाही.

वरुडचा बागाईतदार (उत्तर)

ताई, सूप अजून हातात असते. पण काल आईने त्यातच अंड्याचे तुकडे आणले आणि बाजी पायरीखाली बसून त्या सुपाकडे पाहत होता.